डील कोणाचं? उलव्यातल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटचं एक प्रकरण

२०२४ च्या उन्हाळ्यात मुंबईच्या बीकेसीतल्या एका रिअल इस्टेट फंडाकडे नवी मुंबईतल्या उलव्याचा प्रस्ताव आला. ६० कोटी रुपये, तीन वर्षांची मुदत, वर्षाला १८ टक्के परतावा, तारणाला एकमेकांना लागून असलेले, प्रकल्पग्रस्तांना मिळालेले साडेबारा टक्क्यांचे चार प्लॉट. असे प्रस्ताव सतत येतात आणि बहुतेक पहिल्याच फोनवर संपतात. हा टिकला. पण आपल्याला पाहायचं आहे ते फंडातल्या एका व्हीपीकडे, म्हणजे व्हाइस प्रेसिडेंटकडे. नेरुळला राहणारी, तेव्हा तेहतीस वर्षांची, सहा वर्षं त्याच फंडात. त्या वर्षीच्या अप्रेझलमध्ये तिला शेरा मिळाला होता: काम चोख, डील लीड करण्याची तयारी अजून दिसत नाही. पुढच्या वर्षी फंडाच्या गुंतवणूक कमिटीच्या कागदावर डील लीड म्हणून तिचं नाव लागलं. मध्ये काय घडलं ते नीट मांडायला हवं, कारण या धंद्यात शिरू पाहणाऱ्या मुलामुलींना 'मॉडेलिंग पक्कं कर, ओळखी वाढव' यापलीकडे कोणी काही सांगत नाही.

मी या व्यवहारात डिबेंचर ट्रस्टीच्या, म्हणजे कर्जरोखेधारकांच्या वतीने तारण सांभाळणाऱ्या संस्थेच्या, बाजूने कागद पाहत होतो. संबंधितांना विचारूनच लिहितो आहे. नावं दिलेली नाहीत, प्लॉटचे आकार आणि रकमा ओळख पटू नये इतपत बदलल्या आहेत. हिशेब मात्र शेवटपर्यंत जुळतो.

हुद्दे आणि कामं

फंडातली उतरंड बाहेरून सोपी दिसते: अॅनालिस्ट, असोसिएट, व्हीपी, प्रिन्सिपल, पार्टनर. अॅनालिस्ट एक्सेल बांधतो, महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या, संकेतस्थळावरून शेजारच्या प्रकल्पांत किती घरं गेली ते काढतो, इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्तांचा गोषवारा, चाळून रजिस्टर झालेला भाव शोधतो. ब्रोकरच्या तोंडचा भाव आणि इंडेक्स टूवरचा भाव यांत अंतर असतं हे तो पहिल्याच महिन्यात शिकतो. असोसिएट त्या एक्सेलची जबाबदारी घेतो. व्हीपी वकील, आर्किटेक्ट, व्हॅल्युअर, ट्रस्टी या सगळ्यांच्या मागे लागून करार तडीस नेतो. प्रिन्सिपल व्यवहार आणतो, कमिटीपुढे उभा राहतो, आणि व्यवहार बुडाला तर तो त्याच्या नावावर बुडतो. पार्टनर मुख्यतः पैसे उभे करतो.

व्हीपीपर्यंत मेहनतीने जाता येतं. काम वरून येतं, ते वेळेत आणि बिनचूक केलं की पुढची पायरी मिळते. त्यापुढे मात्र काम वरून येत नाही, आणि सहा वर्षं उत्तम काम केलेली माणसं तिथेच अडकतात. आपली व्हीपी तशीच अडकली होती. तिच्या बॅचचा एक जण, मॉडेलमध्ये तिच्यापेक्षा सरस, याच टप्प्यावर कंटाळून बँकेत गेला. चांगला चाललाय. प्रत्येकाने डीलच लीड केलं पाहिजे असं काही नाही.

तिची पार्श्वभूमी: सिव्हिल इंजिनिअर, मग वाशीत एका व्हॅल्युअरकडे तीन वर्षं, मग एमबीए, आणि २०१८ च्या मध्यावर फंडात अॅनालिस्ट. काही महिन्यांतच, सप्टेंबर २०१८ मध्ये, आयएल अँड एफएस या बड्या वित्त कंपनीने देणी थकवली. एनबीएफसींच्या, म्हणजे बिगरबँक वित्तसंस्थांच्या, नाड्या आखडल्या, बिल्डरांचं पुनर्वित्त थांबलं, आणि फंडातली नवी डील जवळजवळ बंद झाली. सगळ्यांना वाटत होतं नव्या व्यवहारांवर बसायला मिळेल. हिला बसवलं वसुलीवर. ठाण्यात घोडबंदर रोडला अर्धवट थांबलेला एक टॉवर आणि पनवेलच्या पुढचा एक प्लॉटिंगचा प्रकल्प, दोन्हीत फंडाचे पैसे अडकलेले. दोन वर्षं ती साइटवरच्या स्लॅबचे फोटो, एस्क्रोची (प्रकल्पाचा पैसा ज्यातून देखरेखीखाली फिरतो त्या खात्याची) स्टेटमेंटं आणि बिल्डरांची कारणं गोळा करत राहिली. ऑफिसात याला शिक्षा समजलं जायचं.

माझ्या मते या धंद्यात यापेक्षा चांगली शाळा नाही. नवं डील करणारा माणूस करार वाचतो तेव्हा त्याला अटी दिसतात. वसुली केलेल्या माणसाला दिसतं की यातली कोणती अट प्रसंगी उपयोगी पडते आणि कोणती नुसती शोभेची आहे. वैयक्तिक हमी दहातल्या नऊ वेळा शोभेची. 'स्टेप-इन'चा हक्क, म्हणजे बिल्डरला बाजूला सारून प्रकल्प ताब्यात घेणं, कागदावर फार जबरदस्त दिसतो, पण अर्धवट इमारत चालवायला फंडाकडे ना मुकादम ना कंत्राटदार. उपयोगी पडतो तो एस्क्रो, आणि त्याहून उपयोगी पडतो तो अजून न दिलेला पैसा.

हा पैसा मुळात फंडाकडून का घेतात

थोडं मागे जायला हवं. रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे बँका बिल्डरला जमीन खरेदीसाठी कर्ज देत नाहीत. परवानग्या हातात आल्या, रेरा नोंदणी झाली की बांधकामाला देतात. जमीन ते परवानगी या मधल्या काळातला पैसा महाग असतो आणि तोच फंडाचा धंदा. २००५ मध्ये बांधकाम क्षेत्र परदेशी थेट गुंतवणुकीला मोकळं झालं तेव्हा फंड भागीदार म्हणून शिरले. पुढे २००८ ची मंदी आली. त्यात रुपया असा घसरला की २००८ च्या सुरुवातीला चाळिशीच्या आसपास असलेला डॉलर ऑगस्ट २०१३ मध्ये अडुसष्टपर्यंत गेला. रुपयात मुद्दल परत मिळालं तरी परदेशी गुंतवणूकदार तोट्यातच. त्या पिढीतल्या अनेकांना कॅरी, म्हणजे ठरलेल्या किमान परताव्यावरच्या नफ्यातला वाटा, कधी दिसलाच नाही. 'कॅरीवर ठाण्यात फ्लॅट घेईन' असं म्हणणाऱ्या पोरांना मी हे मुद्दाम सांगतो.

त्या अनुभवानंतर, आणि २०१२ मध्ये सेबीचे एआयएफ (पर्यायी गुंतवणूक निधी) नियम आल्यावर, बराच पैसा भागीदारीकडून एनसीडीसारख्या तारणावरच्या कर्जरोख्यांकडे वळला. परतावा ठरलेला, तारण पक्कं, एस्क्रोवर नजर. आपलं प्रकरण याच जातीचं.

चार प्लॉट

नवी मुंबईबाहेरच्या वाचकांसाठी साडेबारा टक्के म्हणजे काय ते दोन ओळींत. १९७० मध्ये सिडको, म्हणजे नवी मुंबई उभारणारं सरकारी महामंडळ, स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या गेल्या. १९८४ च्या आंदोलनानंतर पुढे प्रकल्पग्रस्तांना संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन द्यायचं ठरलं. सार्वजनिक सुविधांसाठी त्यातले तीस टक्के कापले जातात, म्हणून हातात पावणेनऊच येतात. प्लॉट भाडेपट्ट्याचा असतो. बिल्डरने तो घेतला की सिडको, मूळ लाभार्थी आणि बिल्डर असा त्रिपक्षीय करार होतो. इथे सगळे त्याला 'ट्रायपार्टी' म्हणतात. गहाण ठेवायचा तर सिडकोची ना-हरकत लागते. वेळेत बांधलं नाही तर अतिरिक्त भाडेपट्टा शुल्क.

प्रस्ताव घेऊन आलेले शेठ म्हणजे नवी मुंबईतलेच दुसऱ्या पिढीचे बिल्डर. वडिलांनी कोपरखैरण्यात चार मजली इमारती बांधल्या, यांना उलव्यात टॉवर उभे करायचे होते. प्लॉट ए १,९०० चौरस मीटर, बी १,५००, सी आणि डी प्रत्येकी १,३००, एकूण ६,०००. चारही एकत्र करून एक प्रकल्प, विक्री अंदाजे २४० कोटी, बांधकाम-प्रीमियम-बाकी खर्च १२० कोटी. फंडाचे ६० कोटी बहुतांशी प्लॉटधारकांची बाकी देणी आणि एका जुन्या भागीदाराला बाहेर काढण्यासाठी.

शेठच्या सादरीकरणात पहिल्या सात पानांवर विमानतळ आणि अटल सेतू. सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला होता, त्याच दिवशी खारकोपरच्या पुढे उरणपर्यंत लोकलही. विमानतळाचं भूमिपूजन मात्र फेब्रुवारी २०१८ चं, आणि तारखा सारख्या पुढे सरकत होत्या (पहिलं प्रवासी विमान उडालं ते थेट २५ डिसेंबर २०२५ ला). तिने मॉडेलमध्ये विमानतळामुळे भाव वाढेल असं एक पैसाही धरलं नाही. सरांना, म्हणजे तिच्या प्रिन्सिपलना, हे फार काटकसरीचं वाटलं. पण तो वाद पुढे महत्त्वाचा राहिला नाही.

पान एकेचाळीस

वकिलांचा टायटल रिपोर्ट, म्हणजे मालकीहक्काचा अहवाल, साठ-सत्तर पानांचा होता. शेवटी 'टायटल स्वच्छ व बाजारयोग्य, वरील निरीक्षणांस अधीन राहून'. या वाक्यावर बहुतेक जण थांबतात. ती निरीक्षणं वाचत मागे गेली. प्लॉट सी चा मूळ लाभार्थी वारलेला. पनवेलच्या दिवाणी न्यायालयाच्या वारस दाखल्यात दोन मुलगे, दोन मुली. ट्रायपार्टीवर सह्या फक्त दोघा भावांच्या. थोरल्या बहिणीचं हक्कसोडपत्र नोंदणीकृत. धाकटीचं? एकेचाळीसाव्या पानावर तळटीप: हक्कसोडपत्र १०० रुपयांच्या स्टँपपेपरवर नोटरीपुढे केलेलं, नोंदणी नाही.

स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर दस्त रजिस्टर व्हावा लागतो. नोटरीचा शिक्का म्हणजे सही याच व्यक्तीची आहे एवढंच. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच, हे २००५ च्या दुरुस्तीने आलं आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याबद्दलची उरलीसुरली शंकाही मिटवली. रायगड-ठाण्याच्या पट्ट्यात जमिनींचे भाव चढले तसे असे दावेही वाढले, आणि त्यात बहिणींची काही चूक आहे असं मला वाटत नाही. सह्या घेताना त्यांना प्लॉटचा भाव कोणी सांगितलेला नसतो.

तिने मूळ फेरफार मागवले, हस्ताक्षरातले, आणि स्वतः वाचले. वारस फेरफारात धाकटीचं नाव ठळक होतं. संध्याकाळी सरांना मेल: प्लॉट सी, टायटल रिस्क, हाय.

सरांचा फोन आला. "बरं. मग कमिटीला मी काय लिहू?"

तिच्याकडे उत्तर नव्हतं. 'डील सोडूया' हे उत्तर असू शकलं असतं, पण ती तेही म्हणाली नव्हती. या प्रकरणाचा सांधा इथे आहे. धोका दाखवून मोकळं होणं हे असोसिएटला शोभतं. तो पगार त्यासाठीच घेतो. धोका किती रुपयांचा, तो कोणी उचलायचा आणि कोणत्या किमतीला आपण तो घेऊ, हे सांगितल्याशिवाय डील चालवणाऱ्याचं काम सुरूच होत नाही. सहा वर्षं तिने लाल शेरे उत्तम मारले होते. अप्रेझलमधला शेरा त्याबद्दल होता, आणि तो तसा उघड कोणी लिहिला नव्हता.

तोडगा

वकिलांनी नेहमीचा उपाय सुचवला: बिल्डरकडून इन्डेम्निटी, म्हणजे नुकसानभरपाईची लेखी हमी, घ्या. वसुलीत दोन वर्षं घालवल्यामुळे तिला इन्डेम्निटीचं मोल माहीत होतं. ज्या दिवशी ती लागते त्या दिवशी बिल्डरच्या खिशात काही नसतं.

ती बेलापूरला आर्किटेक्टकडे गेली आणि एकच प्रश्न विचारला: सी वगळून इमारत उभी राहते का? आर्किटेक्ट आधी वैतागला, कारण चारही प्लॉट एकत्र धरून नकाशा तयार होता. मग त्याने ट्रेसिंग पेपर टाकला, पोडियमची रेघ सीच्या हद्दीपाशी तोडली, रॅम्प डीच्या बाजूला फिरवला. सुदैवाने सी कोपऱ्याचा होता. ए, बी, डी त्याच्यावाचूनही एकमेकांना लागून राहत होते. दोन विंग, दोन टप्पे. पहिली विंग सीशिवाय उभी, दुसरीचा बराचसा भाग सी आला तर. पार्किंगच्या काही जागा गेल्या. एकत्रीकरणाची परवानगी आधी तीन प्लॉटांची घ्यायची आणि सी मागाहून जोडायचा, याला सिडकोच्या फेऱ्या दोनदा होणार होत्या. त्याचा वेळ तिने मॉडेलमध्ये धरला.

शेठना हे सांगितल्यावर ते उखडले. "मॅडम, ती काही कोर्टात जायची नाही. सख्खी बहीण आहे, दर वर्षी राखी बांधते."

"मग शेठ, रजिस्ट्रारकडे यायला तिला काय हरकत आहे?"

शेठनी भावांना पाठवलं. काही दिवसांनी, रविवारी सकाळी, त्यांचा फोन आला, सरांना नाही, तिला. "आत्या नाही म्हणाल्या. रोख नको म्हणतात. पैसे पोरं खातील, घर माझ्या नावावर करा, म्हणतात." (आत्या म्हणजे तीच धाकटी बहीण, भाचरांमुळे शेठच्या ऑफिसातही सगळे तिला आत्याच म्हणत.)

वाईट बातमी बिल्डरने आधी कोणाला सांगितली, हे मी डील कोणाचं हे ओळखायला वापरतो. चांगली बातमी तो सगळ्यांना सांगतो. शेठनी तिला फोन केला कारण प्लॉटची भानगड दिसूनही ती उठून गेली नव्हती, आणि सीशिवायचा नकाशा तिच्याचकडे होता.

इथे एक मतभेद. तिच्या ऑफिसातल्या काहींचं म्हणणं होतं की तिने स्वतः आत्यांना भेटायला जायला हवं होतं. मराठी बोलणारी, इथलीच मुलगी, गोष्ट मिटली असती. ती गेली नाही, आणि मला ते बरोबर वाटतं. फंडाचा माणूस दारात आला की समोरच्याला कळतं यामागे किती पैसा उभा आहे, आणि मागणी त्या मापाने वाढते. शिवाय उद्या कोर्टात 'फंडाने दबाव आणला' असं यायला वेळ लागत नाही. आत्यांशी बोलणं हे शेठचं काम होतं. फंडाने फक्त त्या बोलण्याला मुदत आणि किंमत लावायची.

मागणी तशी अवाजवी नव्हती: दोन खोल्या-किचनचा एक फ्लॅट, साधारण एक कोटीचा. अडचण वेगळी. रेरा नोंदणीआधी विक्री करार करता येत नाही, आणि नुसत्या चिठ्ठीवर आत्या विश्वास ठेवणार नव्हत्या. एकदा नोटरीच्या कागदावर सही करून बसल्या होत्या त्या. मार्ग असा निघाला की नोंदणीकृत हक्कसोडपत्रातच मोबदला म्हणून तो फ्लॅट, त्याचं क्षेत्रफळ आणि विंग नमूद करायची, रीतसर मुद्रांक शुल्क भरायचं, आणि तेवढं क्षेत्र फंडाच्या गहाणातून वगळायचं. शेवटचा मुद्दा ट्रस्टीच्या, म्हणजे आमच्या, संमतीचा होता. आम्ही दिली. खर्च शेठच्या वाट्यातून.

कमिटी

तिने साठ पानांचा मेमो तसाच ठेवला आणि त्यावर एक पान चढवलं. त्या पानावर बाजारपेठ नव्हती, विमानतळ नव्हता. होता तो सी प्लॉट कधीच आला नाही तर काय, याचा हिशेब.

६० कोटींतले १३ कोटी सीसाठीचे. ते हक्कसोडपत्र रजिस्टर होईपर्यंत द्यायचेच नाहीत. म्हणजे फंडाचे बाहेर पडलेले पैसे ४७ कोटी. सीशिवाय ४,७०० चौरस मीटर उरतात, विक्री २४० वरून १८८ कोटींवर येते, खर्च १२० वरून ९४ वर. प्रकल्पात उरतात ९४ कोटी. ४७ कोटींचे १८ टक्क्यांनी तीन वर्षांत ७७.२ कोटी होतात. म्हणजे फंडाचं भागतं आणि शेठला सतरा-एक कोटी राहतात.

कमिटीत एक निवृत्त बँकर आहेत, मोजकंच बोलतात. त्यांनी विचारलं, "आणि वर्षभर उशीर झाला तर?"

तिच्याकडे आकडा होता. चौथ्या वर्षीही १८ टक्के चालू ठेवले तर ९१.१ कोटी. ९४ मध्ये बसतात. सर इथे थांबले असते. फंड सुरक्षित, विषय संपला. ती पुढे बोलली: "पण मग शेठना तीन कोटीसुद्धा उरत नाहीत. आत्यांचा फ्लॅट, ऑफिसचा खर्च धरला तर काहीच नाही. ज्याला काही उरत नाही तो शेवटचे चार स्लॅब टाकत नाही." घोडबंदरचा तो थांबलेला टॉवर तिने बोलण्यात आणला नाही, पण कमिटीतल्या सगळ्यांना तो आठवला असणार.

तिचा प्रस्ताव असा: सीमुळे उशीर झाला, आणि फक्त सीमुळेच, तर चौथ्या वर्षाचा दर १८ ऐवजी १२ टक्के. फंडाला मिळतात ८६.५ कोटी, शेठकडे साडेसात राहतात. फंडाचा परतावा चार वर्षांवर साडेसोळा टक्क्यांच्या आसपास येतो. दीड टक्का सोडायचा, आणि त्या दीड टक्क्यात बिल्डरला साइटवर टिकवायचं. उशिराचं कारण दुसरं काही असेल, पैसा दुसरीकडे वळवला असेल, तर ही सवलत नाही, उलट दंड.

परतावा कमी करायचा प्रस्ताव कमिटीपुढे मांडणारी व्हीपी त्यांनी बहुधा पहिल्यांदा पाहिली. तासभर चर्चा झाली. सवलतीला एक वर्षाची कमाल मर्यादा घातली गेली, आणि १ जुलैपासून लागू झालेल्या महारेराच्या तीन बँक खात्यांच्या नियमात फंडाचा एस्क्रो कुठे बसतो, यावर वकिलांकडून लेखी मत मागवलं. ग्राहकांचे सगळे पैसे आधी एका खात्यात, त्यातले सत्तर टक्के बांधकाम आणि जमिनीसाठी राखलेल्या खात्यात, आणि त्या पैशावर कोणाचा बोजा चालत नाही. फंडाचा हात पोचतो तो उरलेल्या पैशापर्यंत. हे तिने मॉडेलमध्ये महिन्यागणिक दाखवलं होतं, म्हणून तो मुद्दा लवकर आटोपला. मंजुरी मिळाली.

पुढे

४७ कोटी ऑक्टोबर २०२४ मध्ये गेले. आत्यांनी मे २०२५ मध्ये पनवेलच्या दुय्यम निबंधक कार्यालयात सही केली, मुलगी सोबत होती, दस्त दोनदा वाचून घेतला. मग १३ कोटी सुटले. सवलतीचं कलम वापरायची वेळ आली नाही.

यावरून सर अजूनही म्हणतात की तिने उगाच दीड टक्का टेबलावर ठेवला. हिशेबापुरतं ते खरं आहे. पण शेठनी आत्यांसाठी फ्लॅट कबूल केला तो त्या कलमानंतर. त्याआधी ते भावांवर ओरडण्यापलीकडे काही करत नव्हते. सरांना श्रेयही द्यायला हवं. शेठ मुळात त्यांची ओळख. रविवारचा फोन आपल्याला आला नाही म्हणून त्यांनी मनात धरलं असतं, कमिटीत स्वतःच बोलले असते, तर या प्रकरणात लिहिण्यासारखं काही राहिलं नसतं. अनेक फंडांत तसंच होतं, आणि तिथे माणसाने कितीही फेरफार वाचले तरी फरक पडत नाही. अशा वेळी फंड बदलावा लागतो.

आणि तिला काही गोष्टी आयत्या मिळाल्या होत्या हेही खरं. हस्ताक्षरातला फेरफार वाचता येणं, व्हॅल्युअरकडची तीन वर्षं, घरापासून उलवे अर्ध्या तासावर. दिल्लीहून आलेला तिचा सहकारी हे वकिलाकरवी करेल, आणि करू शकतो. त्याने एकेचाळीसाव्या पानाबद्दल वकिलाला प्रश्न विचारला म्हणजे झालं.

प्रिन्सिपलपदाची तिची बढती या डीलवर झाली नाही. पुढच्या वर्षी ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका लहान व्यवहारासाठी शेठनीच त्यांच्या ओळखीच्या बिल्डरला तिच्याकडे पाठवलं. तो व्यवहार तिने आणला, तिनेच मांडला, डील लीड म्हणून तिचं नाव पहिल्यांदा लागलं ते त्यावर. हुद्दा त्यानंतर सहा-आठ महिन्यांनी आला. कॅरीतला तिचा वाटा कागदावर आहे. फंड बंद होईपर्यंत तो कागदावरच राहील.

उलव्याचं डील अजून चालू आहे आणि आता तेही तिच्याच नावावर आहे. एक बँक बांधकामासाठी ४० कोटी द्यायला तयार आहे, पण बँकेला पहिला बोजा, म्हणजे तारणावर पहिला हक्क, हवा. शेठ म्हणतात, त्यातले २५ कोटी आत्ता घ्या आणि बाकीच्यासाठी बँकेच्या मागे उभे राहा. आपल्या व्हीपीचा कल हो म्हणण्याकडे आहे: मुदतीआधी पैसा परत, जोखीम निम्म्याच्या जवळ. या वेळी मी सरांच्या बाजूचा आहे. दुसऱ्या बोज्यावर गेलं की कोणत्या भावाच्या खाली फ्लॅट विकायचा नाही हे ठरवणं बँकेच्या हातात जातं. बँकेला आपले ४० कोटी सुटण्यापुरताच भाव पुरतो, फंडाला पुरत नाही. किमान विक्री दरावरचा नकाराधिकार लेखी मिळाला तर २५ कोटी घ्यावेत, नाहीतर बँक बदलावी. बँकेने अजून त्यावर उत्तर दिलेलं नाही.